रूट २७ : आकडा एक, नावे अनेक

मुलांनो, वर्गाला येताना आपल्यापैकी बऱ्याच जणांची गाडी रूट २७ वरून तरी येते किंवा त्याला ओलांडून तरी येते. पुढच्या वेळी मागच्या सीटवर बसून खिडकीबाहेर नीट बघा. पाटीवरचा आकडा २७ च राहतो, पण रस्त्याचे नाव सारखे बदलते. प्रिन्स्टनमध्ये तो नॅसॉ स्ट्रीट असतो. न्यू ब्रन्स्विकमध्ये शिरताना फ्रेंच स्ट्रीट आणि नदीजवळ ऑल्बनी स्ट्रीट. नदी ओलांडली की रॅरिटन ॲव्हेन्यू, एडिसनमध्ये लिंकन हायवे, रावेला सेंट जॉर्जेस ॲव्हेन्यू, आणि नेवार्कमध्ये फ्रेलिंगहायसन ॲव्हेन्यू. असे का?

मराठीत दोन शब्द आहेत, 'रस्ता' आणि 'मार्ग'. रस्ता म्हणजे आपल्या पायाखालचे किंवा चाकाखालचे डांबर. मार्ग म्हणजे इथून तिथे कसे जायचे ते. रूट २७ हा मार्ग आहे. गावोगावचे जुने रस्ते होते ते तसेच ठेवून राज्याने त्यांना एका आकड्यात ओवले, फुले जशी दोऱ्यात ओवतात तशी. (तुमच्या बाबांचा धंदा माझ्यासारखा कॉम्प्युटरचा असेल तर त्यांना 'पॉइंटर' म्हणजे काय ते विचारा. हा आकडा तसाच आहे.) पहिला आकडा १९१६ मध्ये मिळाला आणि तो चक्क रूट १ होता! १९२७ मध्ये राज्याने सगळे आकडे नव्याने लावले तेव्हा २७ झाला. प्रिन्स्टनपासून नेवार्कपर्यंत त्याची लांबी ३८ मैलांहून थोडी जास्त, म्हणजे सुमारे ६२ किलोमीटर आहे.

आता त्याची वळणे पाहा. हा मार्ग मुळात लेनापी या इथल्या मूळच्या लोकांची पायवाट होती. रॅरिटन नदीपासून आजच्या ट्रेंटनजवळ डेलावेअर नदीपर्यंत ते तिच्यावरून जात. चालणारा माणूस दलदल टाळतो, कोरड्या उंचवट्यावरून जातो आणि ओढा जिथे उथळ असेल तिथे उतरतो. म्हणून पायवाट वळते. तिच्यावरून पुढे घोडे गेले, मग बग्ग्या, मग मोटारी. वळणे मात्र बरीचशी तीच राहिली.

शेजारचा रूट १ मुद्दाम सरळ काढलेला आहे. १८०३ मध्ये एका कंपनीला ट्रेंटन ते न्यू ब्रन्स्विक असा सरळ टर्नपाइक बांधायचा परवाना मिळाला. टर्नपाइक म्हणजे रस्त्यावर आडवा दांडा. पैसे दिले की तो फिरवून वाट मोकळी करत. आपल्याकडे त्याला 'नाका' म्हणतात. मुंबईत कित्येक ठिकाणी पैसे घेणारा कोणी नसला तरी चौकाला नाकाच म्हणतात. तसेच इथेही आहे. मेट्रोपार्क स्टेशनच्या पत्त्यात 'मिडलसेक्स-एसेक्स टर्नपाइक' हे नाव अजून आहे, दांडा केव्हाच गेला. सरळ रस्त्याने वेळ वाचला, पण त्याच्या वाटेवर जुनी गावे फारशी नव्हती. म्हणून आज रूट १ वर मॉल दिसतात आणि रूट २७ वर गावे दिसतात. मला विचाराल तर घाई नसेल तेव्हा २७ च चांगला.

सगळ्यात पाहण्यासारखी जागा म्हणजे किंग्स्टन. तिथे मिलस्टोन नदीवर १७९८ चा दगडी कमानींचा पूल आहे. त्यावर कोरले आहे, की इथून फिलाडेल्फिया ४५ मैल आणि न्यू यॉर्क ५० मैल. म्हणजे पूलच मैलाचा दगड! त्याच्या आधी तिथे लाकडी पूल होता. ३ जानेवारी १७७७ रोजी प्रिन्स्टनची लढाई जिंकून वॉशिंग्टनचे सैन्य इथून निघाले आणि मागून येणाऱ्या ब्रिटिशांना अडवण्यासाठी त्यांनी तो मोडून टाकला. दगडी पुलावरून १९७० पर्यंत मोटारी जात. मग शेजारी नवा पूल झाला आणि जुना चालणाऱ्यांसाठी राहिला. आईबाबांना सांगून एकदा गाडी थांबवा आणि त्यावर उभे राहून या.

किंग्स्टनपासून न्यू ब्रन्स्विकपर्यंत हा रस्ता हद्दही आहे. न्यू ब्रन्स्विककडे तोंड केले तर डाव्या हाताला सॉमरसेट काउंटी आणि उजव्या हाताला मिडलसेक्स. समोरासमोर राहणाऱ्या दोन मैत्रिणी, पण एक फ्रँकलिनच्या शाळेत जाते आणि दुसरी साउथ ब्रन्स्विकच्या! पूर्वी इथे शेतेच शेते होती. १९५० नंतर घरांच्या वसाहती आल्या, पुढे आपली वाण्याची दुकानेही आली.

न्यू ब्रन्स्विक हे गावच मुळी नदीच्या उतारामुळे झाले. सतराव्या शतकाच्या शेवटी तिथे प्रवाशांना पलीकडे नेणारी तर होती आणि तरीच्या मालकावरून गावाला 'इनियन्स फेरी' म्हणत. एडिसन गावाचे नाव तर १९५४ पर्यंत रॅरिटन टाउनशिप होते. थॉमस एडिसनने १८७९ मध्ये जिथे विजेचा दिवा यशस्वी केला ती मेन्लो पार्कची जागा रूट २७ च्या अगदी जवळ आहे. रावेच्या पुढे लिंडन, एलिझाबेथ, नेवार्क अशी शहराला शहर लागून येतात आणि सिग्नल मोजून आपण थकतो.

आता थोडे पालकांसाठी. अशा मार्गाचा धोका त्याच्या बदलण्यातच आहे. मोकळ्या भागातून वेगाने आलेला चालक एका मिनिटात गावाच्या बाजारात शिरतो. आणि मधल्या वस्तीत, जिथे पदपथ मध्येच संपतो, तिथे भारतातून आलेले आजी-आजोबा दूध आणायला पायी निघालेले असतात. त्यांना दोन गोष्टी जरूर सांगा. पदपथ नसेल तर समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूने चालायचे. पुण्या-नाशिकला ती उजवी बाजू असते, इथे डावी. न्यू जर्सीचा कायदाही तेच सांगतो. आणि रस्ता ओलांडताना आधी बघायचे ते डावीकडे. १ एप्रिल २०१० पासून, पांढरे पट्टे मारलेल्या जागी माणूस ओलांडत असेल तर चालकाने गाडी पूर्ण थांबवलीच पाहिजे. तरीही आजीने चालकाच्या डोळ्याला डोळा मिळाल्याशिवाय पाऊल टाकू नये. चाळिशीच्या आपण मंडळींनीही गावात शिरताना वेगाची पाटी वाचावी. घाईत ती दिसत नाही.

गृहपाठ : तुमच्या घरापासून वर्गापर्यंतचा मार्ग कागदावर काढा. वाटेतल्या प्रत्येक रस्त्याचे नाव मराठी लिपीत लिहा. वळण, फाटा, चौक, पूल आणि हद्द हे पाचही शब्द नकाशात कुठे ना कुठे आले पाहिजेत. आजी-आजोबा आले असतील तर त्यांच्या गावच्या रस्त्याला आधी काय म्हणत आणि आता काय म्हणतात, तेही विचारून लिहून आणा.