पंखा कां फिरेना?

मोटारींत ऊब देणारें यंत्र असतें असें वर्गांत सांगितलें, कीं आमचे विद्यार्थी हंसूं लागतात. उन्हाळ्यांत जेथें घरांचे पत्रे तापून निघतात, त्या संगमनेरास गाडींत शेगडी कशाला, असा त्यांचा सवाल असतो. सवाल वाजवी आहे. परंतु ज्यांनीं श्रावणांत भंडारदऱ्याहून राजूर व अकोले या वाटेनें परतीचा प्रवास केला असेल, त्यांस तो पडणार नाहीं. बाहेर पावसाची झोड, आंत चार माणसांचा श्वास, आणि समोरची कांच पाहतां पाहतां दुधासारखी पांढरी होते. श्वासांतील बाष्प थंड कांचेवर जमून त्याचे सूक्ष्म थेंब होतात; पदार्थविज्ञानांतील सांद्रीभवनाचा धडा तो हाच. अशा वेळीं कांचेवर उबदार हवेचा झोत सोडला, म्हणजे कांच तापते व तें धुकें विरून जातें. तेव्हां या यंत्राचा पंखा ही चैनीची वस्तु नव्हे; तो चालकाच्या दृष्टीचा राखणदार आहे.

ज्या गाडीनें आम्हांस पुढील धडा शिकविला, ती पद्मिनी. तिचें कुळ सांगितल्यावांचून पुढें जाणें बरें नव्हे. सोलापुरांत १८८२ सालीं जन्मलेले उद्योगपति वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत इटलींतील फियाट कंपनीच्या सहकार्यानें मोटारी तयार होऊं लागल्या, आणि त्यांतील ११०० या जातीच्या गाडीस १९७० च्या दशकांत पद्मिनी हें नांव मिळालें. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी म्हणून या गाड्यांनीं उभी हयात काढली. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ सालीं नोंदली गेली होती; टॅक्सीस घालून दिलेली वीस वर्षांची मुदत संपल्यामुळें ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या टॅक्सींतून ही जात नाहींशी झाली. हौसेनें जपलेल्या घरगुती गाड्या मात्र अजूनहि कोठें कोठें दिसतात. आमच्या घरीं सासऱ्यांकडून आलेली अशीच एक आहे, आणि तिला ऊब देणारें यंत्र मागाहून बसविलेलें आहे.

या यंत्राची रचना सोपी आहे. इंजिनाभोंवतीं खेळणारें पाणी तापून सुमारें ८० ते ९० अंश सेंटिग्रेडपर्यंत जातें. त्यांतील थोडें पाणी रबरी नळीनें एका लहान जाळीदार पेटींत आणतात, व विजेचा पंखा त्या पेटींतून हवा लोटून ती कांचेकडे पाठवितो. पंख्यास लागणारी वीज बॅटरीच्या धन टोकापासून निघते. ती किल्लीचा स्विच, फ्यूज व पंख्याचा स्विच यांवरून मोटरपर्यंत पोंचते. परतीसाठीं मात्र निराळी लांब तार नसते. मोटरची दुसरी, आंखूड तार गाडीच्या लोखंडी सांगाड्यास स्क्रूनें आवळलेली असते, आणि सांगाड्यांतून वीज बॅटरीच्या ऋण टोकास परत जाते. यालाच गॅरेजांत अर्थिंग म्हणतात. ही परतीची वाट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, कारण आमची फजिती तेथेंच झाली.

गेल्या वर्षीं उन्हाळ्याच्या सुटींत आम्हीं गाडीच्या आंतल्या गंजलेल्या पत्र्यास स्वहस्तें रंग दिला. आठ दिवसांनीं पंखा लावून पाहिला, तों तो हलेना. शाळेंतील मीटर आणून त्याची काळी तार दाराच्या एका स्वच्छ बोल्टास आणि तांबडी तार मोटरकडे येणाऱ्या तारेस लावली. बारा व्होल्ट दिसले. वीज येते आहे आणि पंखा फिरत नाहीं. अर्थात् मोटर जळाली, असा निकाल आम्हीं जागच्या जागीं देऊन टाकला.

गाडी एका वृद्ध मिस्त्रींकडे नेली. ते म्हणाले, "सर, आधीं अर्थिंग बघूं या का? मोटरला जळका वास नाहीं." आम्ही पडलों पदवीधर! "मीटरनें तपासलें आहे, तुम्ही मोटर बदला म्हणजे झालें," असें आम्हीं त्यांस सुनावलें. त्यांनीं नवी मोटर बसविली, पंखा फिरला, आम्हीं पैसे दिले आणि आपल्या अनुमानावर खूष झालों.

पुढें श्रावणांत सहकुटुंब भंडारदऱ्याहून परत येत असतां पंखा पुन्हां बंद पडला. कांच पांढरी झाली. आमची पत्नी रुमालानें ती पुसत होती, आणि आम्ही त्या पुसलेल्या ओंजळभर जागेंतून रस्ता पाहत होतों. अकोल्याच्या अलीकडे एका वळणावर अकस्मात् मेंढरांचा कळप समोर आला, व त्याच्या मागें डोक्यावर पोतें घेतलेला एक लहान मुलगा. आम्हीं ब्रेक दाबला. गाडी त्या मुलापासून दोन हातांवर थांबली. तो कांहीं बोलला नाहीं. आमच्याकडे एकवार पाहून मेंढरें हांकीत निघून गेला. घरीं येईपर्यंत गाडींत कोणीहि शब्द काढला नाहीं.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं तो सर्व राग मिस्त्रींवर काढला. चार गिऱ्हाइकांदेखत, "हलका माल घालून आमचा जीव धोक्यांत घातलात," असें आम्ही बोललों. ते एवढेंच म्हणाले, "गाडी ठेवा सर, बघतों." आम्ही गाडी घेऊन तडक परत आलों.

त्याच आठवड्यांत नववीच्या वर्गांत विद्युत्‌मंडल शिकवितांना आम्हीं हीच आकृति फळ्यावर काढली व आपलें अनुमान मोठ्या विश्वासानें सांगितलें. तेव्हां मागच्या बाकावरील एका मुलीनें विचारलें, "सर, वीज मोटरपर्यंत गेली, हें मीटरनें सांगितलें. ती परत आली, हें कोणीं सांगितलें?"

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. शाळा सुटल्यावर मुलांसह गाडी उघडली. या वेळीं काळी तार बॅटरीच्या ऋण टोकास व तांबडी तार मोटरच्या परतीच्या तारेस लावली, आणि पंख्याचा स्विच चालू केला. परतीची वाट मोकळी असती, तर तेथें शून्याच्या आसपास व्होल्ट दिसावयास हवे होते. दिसले जवळजवळ बारा! वीज मोटरींतून पार होऊन परतीच्या दारांत अडून राहिली होती. स्क्रू काढला, तों त्याखालीं आमच्याच हातचा रंग. नवी मोटर बसवितांना स्क्रू आवळला गेला, तेव्हां रंग थोडा खरवडला जाऊन पंखा कांहीं दिवस फिरला. पुढें गाडीच्या हादऱ्यांनीं तो निसटता स्पर्शहि सुटला. पॉलिश पेपरनें पत्रा घांसून स्क्रू पुन्हां आवळतांच पंखा भरारूं लागला, व मुलांनीं टाळ्या वाजविल्या. त्या टाळ्या आम्हांस गोड लागल्या नाहींत.

आतां दोष शोधण्याचा क्रम सांगतों. पंखा केवळ जलद गतीनें फिरत असेल व मंद गतीवर फिरत नसेल, तर मोटर व तिची परतीची वाट ठीक आहेत. वेग कमी करणारा रेझिस्टर बहुधा जळालेला असतो. पंखा मुळींच फिरत नसेल, तर प्रथम फ्यूज पाहावा. फ्यूज उडाला असेल, तर तितक्याच अँपिअरचा दुसरा घालावा. जाड तार कधींहि गुंडाळूं नये, कारण मग फ्यूजऐवजीं गाडी जळते. नवाहि उडाला, तर कोठें तरी तार पत्र्यास टेकली आहे किंवा पंखा अडकला आहे असें समजावें. फिरणारी मोटर स्वतःच उलट दाब निर्माण करून प्रवाहास आंवरीत असते. अडकलेली मोटर तसें करूं शकत नाहीं, म्हणून ती पुष्कळ अधिक प्रवाह खेंचते. पाचोळा किंवा उंदराचें घरटें एवढें कारणहि त्यास पुरतें. त्यानंतर स्विच चालू ठेवून येणारी तार तपासावी, मग परतीची. हीं दोन्ही शुद्ध ठरलीं, तरच मोटर काढून फ्यूज असलेल्या तारांनीं ती सरळ बॅटरीस लावावी. तरीहि ती फिरली नाहीं, तर तिचा कार्बन झिजला आहे काय तें पाहावें. तारा सोडण्यापूर्वीं बॅटरीचें टोक काढून ठेवावें, आणि तापलेल्या रेडिएटरचें झांकण कदापि उघडूं नये.

तपासणीच्या वेळीं पंखा चालू कां ठेवावयाचा, हें ओमच्या १८२७ सालच्या नियमावरून कळेल. समजा, एका गंजलेल्या सांध्याचा रोध १ ओम आहे आणि त्यांतून ४ अँपिअर प्रवाह जात आहे. त्या सांध्यावरच ४ व्होल्ट खर्च होतील, व बारांपैकीं आठच मोटरच्या वांट्यास येतील. शिवाय सांध्यांत १६ वॅट उष्णता उत्पन्न होऊन तो करपेल तो निराळाच. पंखा बंद असतां मात्र प्रवाह जवळजवळ नसतो, म्हणून तोच सांधा मीटरवर पूर्ण बारा व्होल्ट दाखवितो. काम न करणाऱ्या तारेची परीक्षा घेऊन ती चांगली ठरविणें फसवें असतें.

त्याच संध्याकाळीं आम्ही मिस्त्रींकडे गेलों. गॅरेजांत गिऱ्हाइकें होतीं, तें एका अर्थीं बरेंच झालें. जो बोल चारचौघांत लावला, तो चारचौघांतच परत घ्यावयास हवा होता. आम्हीं त्यांची क्षमा मागितली. त्यांनीं फळीवरून आमची जुनी मोटर काढली, दोन तारांनीं बॅटरीस लावली, आणि ती झरझर फिरूं लागली. "चांगली होती सर, म्हणून टाकली नाहीं," एवढेंच ते म्हणाले.

ती मोटर आतां आमच्या प्रयोगशाळेंत आहे. विद्यार्थिमित्रांनो, पुढील वर्षीं ती तुमच्या हातीं येईल. तेव्हां जाणारी वाट तपासून थांबूं नका. परतीची वाटहि पाहा. आणि पालकांस विनंति अशी, कीं पावसांत घाट चढण्यापूर्वीं एकदां पंखा लावून पाहावा. वळणापलीकडे कोण चालत येत आहे, हें आपणांस ठाऊक नसतें.