सर्पगंधेचें मूळ व रक्ताचा दाब

कृषीवल बंधूंचा झाडपाल्यावर विश्वास असतो, आणि तो निराधार नाहीं. परंतु वनस्पतींत गुण आहे असें म्हणणें निराळें, आणि तो कोणत्या रीतीनें व किती मात्रेंत येतो हें जाणणें निराळें. रक्तदाबाच्या गोळ्या सोडून सर्पगंधेच्या मुळीचें चूर्ण घ्यावें काय, असें आम्हांस येथें बपेऱ्यास पुष्कळदां विचारण्यांत येतें. उत्तर देण्यापूर्वीं विषय नीट समजून घेऊं.

धानाच्या बांध्यांस नळानें पाणी देणाऱ्यास दाब म्हणजे काय हें सांगावयास नको. हृदय पंपाप्रमाणें रक्त लोटतें. तें वाहून नेणाऱ्या बारीक रोहिण्यांच्या भिंतींत स्नायूंचीं वेटोळीं असतात. तीं आवळलीं म्हणजे वाट अरुंद होऊन मागें दाब वाढतो. सैल पडलीं म्हणजे उतरतो. नळीचा व्यास निम्मा झाला, तर तेवढ्याच दाबानें तींतून पूर्वींच्या सोळाव्या हिश्श्याइतकाच प्रवाह जातो. निरनिराळ्या दिवशीं मोजून दाब पाऱ्याच्या १४०/९० मिलिमीटर किंवा अधिक भरूं लागला, तर तो विकार समजतात. बहुधा दुखत-खुपत कांहीं नाहीं. हृदय, मेंदू व मूत्रपिंड यांची हानि मात्र चालू राहते.

आतां सर्पगंधा. हें एक-दोन हात उंचीचें झुडूप. पानें एका पेऱ्यावर तीन-चार, फुलें पांढरीं, देठ तांबडे, पिकलेलें फळ काळसर जांभळें. गुण मुळांत, आणि त्यांतही बहुतेक सालींत. इ. स. १९३१ सालीं दिल्लींत सलीमुझ्झमान सिद्दिकी व त्यांचे सहकारी यांनीं या मुळांतील कांहीं द्रव्यें निराळीं काढलीं, व एकास हकीम अजमलखान यांच्या सन्मानार्थ ‘अजमलीन’ हें नांव दिलें. त्याच वर्षीं कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनीं हें मूळ उन्मादावर व वाढलेल्या रक्तदाबावर उपयोगी पडतें असें प्रसिद्ध केलें. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं १९४९ सालीं रोग्यांवरील आपले अनुभव ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्यें मांडले, तेव्हां जगाचें लक्ष इकडे वळलें. १९५२ सालीं स्वित्झर्लंडांतील बाझल येथें रिसर्पीन हें मुख्य द्रव्य हातीं आलें. १९५७ सालीं वकील यांस अमेरिकेंतील लास्कर पारितोषिक मिळालें.

रिसर्पीन काम कसें करितें? मज्जातंतूंच्या टोकांशीं नॉरॲड्रेनलीन नामक द्रव्याचीं सूक्ष्म कोठारें असतात. स्नायूंस आवळण्याचा हुकूम तेंच पोंचवितें. रिसर्पीन तें कोठारांत सांठूं देत नाहीं. शिल्लकच नाहीं, तर खर्च कोठून पडणार? हुकूम मंदावतो, रोहिण्या सैलावतात, दाब उतरतो. परंतु तशींच कोठारें मेंदूंतही आहेत. म्हणून नाक चोंदणें, सुस्ती, नाडी मंदावणें आणि कांहीं रोग्यांत मनाची घोर उदासी, हेही पदरीं पडतें. याचमुळें नवीं औषधें आल्यावर रिसर्पीन मागें पडलें. शिवाय मुळांतील द्रव्याचें प्रमाण झुडपाचें वय, जमीन व हंगाम यांप्रमाणें बदलतें. गोळीचें वजन ठरलेलें असतें, चिमटीचें नसतें.

याहून सौम्य रीत आपल्या परसांतच आहे. पालक, चवळई, बीट यांत नायट्रेट असतें. तोंडांतील जंतू त्याचें नायट्राइट करितात, व त्यापासून शरीरांत नायट्रिक ऑक्साइड हा वायु होतो. तो रोहिण्यांचे स्नायु थेट सैल करितो. याचें कार्य उलगडणाऱ्या तिघां अमेरिकन शास्त्रज्ञांस १९९८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. मात्र हा आहार होय, औषध नव्हे. तो मीठ कमी करून गोळीच्या जोडीस घ्यावा, गोळीच्या ऐवजीं नव्हे. मूत्रपिंडाचा विकार असल्यास डॉक्टरांस विचारून घ्यावा.

शेवटीं लागवडीविषयीं. मूळ खणलें म्हणजे झुडूपच गेलें. यामुळें रानांतील सर्पगंधा विरळ झाली आहे, व परदेशच्या व्यापारावर निर्बंध आहेत. रानांतून उपटण्यापेक्षां ती लावावी हें बरें. पाणी सांचणारी बांधी तिला मानवत नाहीं. निचऱ्याची जमीन व थोडी सावली हवी. बीं कमी उगवतें, म्हणून मुळांचे तुकडेही लावतात. मूळ खणण्याजोगें होण्यास दीड ते तीन वर्षें लागतात. तेव्हां गिऱ्हाईक आधीं ठरवावें, मग रोप लावावें.

सारांश, सर्पगंधा शेतांत शोभते, औषधशाळेंत उपयोगी पडते. परंतु घरच्या खलबत्त्यांत तिचें माप करितां येत नाहीं. चालू असलेली गोळी डॉक्टरांस विचारल्यावांचून सोडूं नये, हेंच आमचें उत्तर.