विजेचे बिल का फुगते?

विजेचे बिल अचानक वाढले की पहिला संशय मीटरवर जातो. जुलै 2002 मध्ये दिल्लीतील वीजवितरण खासगी कंपन्यांकडे गेले, चकतीच्या मीटरांच्या जागी इलेक्ट्रॉनिक मीटर आले आणि ‘मीटर पळतो’ ही तक्रार घरोघरी ऐकू येऊ लागली.

शहानिशा सोपी आहे. मीटरवर युनिटमागे 3200 पल्स असे छापलेले असेल, तर 100 वॅटचा साधा दिवा लावून बाकी सर्व बंद करावे. तीन मिनिटांत लाल दिवा सुमारे 16 वेळा लुकलुकला, तर मीटर निर्दोष समजावा.

मग खोट कोठे? पुष्कळदा न्यूट्रल तारेत. हा मीटर फेज व न्यूट्रल या दोन्ही तारांतील प्रवाह मोजतो आणि अधिक असेल तो नोंदवतो. नूतन मराठी विद्यालयामुळे मराठी कुटुंबांना परिचित असलेल्या पहाडगंजात जुनी घरे खोल्याखोल्यांनी विभागली गेली आहेत. अशा घरांत दोन मीटरांच्या न्यूट्रल तारा भिंतीआड जोडल्या गेलेल्या असू शकतात. मग शेजाऱ्याचा कूलर त्याच्या खात्यावर तर पडतोच, आपल्याही खात्यावर खर्ची पडतो! केवळ फेज तोडणारा स्विच बंद करूनही लाल दिवा लुकलुकत राहिला, तर हाच संशय धरावा आणि परवानाधारक तारतंत्र्याकडून तारा विलग करून घ्याव्यात.

तारा ठीक असल्यास बिलावरील दिवस मोजावेत. ऑगस्ट 2019 मध्ये दिल्लीत सुरू झालेल्या सवलतीत महिना 200 युनिटांपर्यंत बिल शून्य ठेवले गेले. 201 वे युनिट पडले की ही पूर्ण माफी जाते. दोन किलोवॅटचा गीझर एक युनिट अर्ध्या तासात खातो.