एका आज्ञेंत आठ बेरजा

प्रोसेसरास बेरजेची साधी आज्ञा दिली, तर तो दोन संख्या घेऊन त्यांची एक बेरीज करितो. व्हेक्टर-आज्ञेची रीत निराळी. तींत रुंद रजिस्टरांत अनेक संख्या शेजारीं शेजारीं मांडितात, आणि एकाच आज्ञेनें त्या सर्वांवर तीच क्रिया घडते. सन १९९९ मधील पेंटियम ३ च्या एस.एस.ई. रजिस्टरांत ‘फ्लोट’ जातीच्या, म्हणजे दशांशचिन्ह धारण करणाऱ्या ३२ बिटांच्या, चार संख्या मावत. सन २०११ मध्यें आलेल्या ए.व्ही.एक्स. प्रोसेसरांत आठ मावूं लागल्या.

या आज्ञा हातानेंच लिहाव्या लागतात, असा पुष्कळांचा समज आहे. वस्तुतः कंपायलर, म्हणजे आपल्या प्रोग्रामाचें यंत्रभाषेंत रूपांतर करणारा दुभाषी, साध्या लूपमध्यें त्या आपण होऊन योजितो. मात्र हा दुभाषी मोठा शंकेखोर. आणि तो तसा असावा हेंच इष्ट.

विद्यार्थ्यांनीं पुढील उदाहरण कागदावर करून पाहावें. फ्लोट संख्येंत अंकांसाठीं २४ बिटांचीच अचूकता असते. त्यामुळें १६७७७२१६ मध्यें १ मिळविला तर उत्तर पुनः १६७७७२१६ च येतें. आणखी १ मिळविला तरी तेंच. पण ते दोन १ आधीं एकत्र करून मग मिळविले, तर उत्तर १६७७७२१८! आठ खणांत आठ बेरजा निरनिराळ्या चालवून शेवटीं त्या जोडणें म्हणजे क्रम बदलणेंच होय. म्हणून जी.सी.सी. हा कंपायलर फ्लोट संख्यांच्या बेरजेचा क्रम आपल्या मतानें मोडीत नाहीं. ‘फास्ट-मॅथ’ या पर्यायानें आपण तशी मुभा द्यावी लागते. पूर्णांकांस ही अडचण नाहीं.

ही मुभा घाईनें देऊं नये, असें माझें मत आहे. कारण तिच्याबरोबर, अनंत किंवा अर्थशून्य उत्तर कधीं निघणारच नाहीं, हें गृहीतही आपण मुकाट्यानें मान्य करितों. वेळ वांचला, पण उत्तर कोणत्या अटींवर खरें तें कळेनासें झालें, तर तो व्यवहार महागच.

दुसरी गोष्ट यंत्राची. नव्या प्रोसेसरासाठीं ए.व्ही.एक्स. आज्ञा घालून सिद्ध केलेला प्रोग्राम, त्या आज्ञा ठाऊक नसलेल्या जुन्या यंत्रावर मंद चालत नाहीं; त्या आज्ञेपाशीं येतांच बंद पडतो. ज्या शाळेंत जुनीं व नवीं यंत्रें एकाच खोलींत आहेत, तेथें हें विसरून चालणार नाहीं. यासाठीं एकाच कार्याच्या दोन प्रती, एक साधी व एक व्हेक्टरची, प्रोग्रामांत ठेवितात. तो सुरू होतांच प्रोसेसरास कोणत्या आज्ञा येतात हें विचारून घेतो आणि त्याप्रमाणें प्रत निवडतो.