समाजमाध्यमे आणि वैद्य : श्रोतृवर्ग जोडताना

बरा झालेला रुग्ण हाच वैद्याचा खरा प्रचारक, असे आपण परंपरेने मानत आलो आहोत. तथापि आज तोच रुग्ण चिकित्सालयाची पायरी चढण्यापूर्वी यूट्यूब पाहून येतो. साहजिकच अनेक व्यवसायबंधू आपली समाजमाध्यमांवरील खाती चालविण्याचे काम एखाद्या होतकरू तरुणाकडे सोपवितात. ग्रामीण तरुणांसाठी हा नवा व्यवसाय स्वागतार्ह आहे. मात्र काम सोपविले तरी जबाबदारी सोपविता येत नाही, हे या लेखात स्पष्ट करावयाचे आहे.

श्रोतृवर्ग कसा जमतो? अहिल्यानगर जिल्ह्यातील (पूर्वीचा अहमदनगर) सारोळा कासार येथील सुमन धामणे यांचे उदाहरण पाहू. नातू यश पाठक याच्या साहाय्याने २०२० मध्ये त्यांच्या पाककृती ‘आपली आजी’ या यूट्यूब वाहिनीवरून प्रसिद्ध होऊ लागल्या. कारल्याच्या साध्या भाजीने लाखो प्रेक्षक मिळविले. घरचा पदार्थ, गावची भाषा आणि नियमितपणा हेच त्यांचे भांडवल. ऑक्टोबर २०२० मध्ये ही वाहिनी चोरांनी ताब्यात घेतली होती. ती काही दिवसांनी परत मिळाली. खात्याला दुहेरी पडताळणी लावणे का आवश्यक आहे, हे यावरून ध्यानात यावे.

हाच विचार दौंड तालुक्यातील राहू गावी लावून पाहू. हा परिसर उसाचा आणि गुऱ्हाळांचा. येथील वैद्याने ‘गूळ कोणता खावा’ या विषयावर दोन मिनिटे बोलावे. नवा गूळ कफकर व अग्निमांद्य करणारा, तर जुना गूळ पथ्यकर, हा वाग्भटांचा अभिप्राय सोप्या मराठीत सांगावा. जुना असला तरी मधुमेही रुग्णाला तो मोकळीक देत नाही, हेही त्याच वेळी सांगावे. औषधी विक्रेत्याने आसवारिष्टांत गुळाचे प्रयोजन काय, ते समजवावे. ऐकणाऱ्याला हा विषय आपल्या घरातला वाटतो. म्हणून तो पुन्हा येतो.

याउलट, ‘मधुमेह मुळापासून बरा’ अशा मथळ्याने गर्दी लवकर जमते आणि संकटही. औषधी द्रव्ये व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ च्या परिशिष्टात मधुमेह, कर्करोग, उच्च रक्तदाब, स्थूलता इत्यादी ५४ विकार आहेत. त्यांच्यावरील औषधाची जाहिरात करण्यास, तसेच अशा जाहिरातीच्या प्रसिद्धीत कोणताही भाग घेण्यास मनाई आहे. जाहिरातीच्या व्याख्येत प्रकाश वा ध्वनीद्वारे केलेली घोषणाही येते. म्हणजे भ्रमणध्वनीवरील चित्रफीत तिच्याबाहेर नाही. नोंदणीकृत वैद्याने आपल्या जागेत लावलेल्या फलकास जी सवलत आहे, ती चित्रफितीलाही आहे असे गृहीत धरू नये. मजकूर देणारा वैद्य आणि तो पसरविणारा तरुण, दोघेही उत्तरदायी ठरू शकतात.

म्हणून आम्ही पुढील पथ्ये सुचवितो :

१. प्रत्येक मजकूर प्रसिद्धीपूर्वी वैद्याने स्वतः वाचावा, ऐकावा.

२. दिनचर्या, ऋतुचर्या, आहार हे विषय घ्यावेत. रोगमुक्तीची हमी देऊ नये.

३. रुग्णाचे छायाचित्र वा अनुभव लेखी संमतीशिवाय वापरू नये.

४. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीतील संदेश ज्यांनी आपला क्रमांक जतन केला आहे त्यांनाच पोहोचतो. तेव्हा आधी ओळख, मग संदेश.

५. चित्रफीत पाहून कोणी औषध विचारल्यास प्रत्यक्ष तपासणीस बोलवावे.

६. खाते वैद्याच्याच नावे व क्रमांकावर असावे. चालविणाऱ्याशी लेखी करार करावा.

प्रेक्षकसंख्या हे यशाचे माप नव्हे. राहूसारख्या गावी आपल्या पंचक्रोशीतील दोनशे कुटुंबांनी आपले म्हणणे विश्वासाने ऐकले, तर दूरच्या दोन लाख अनोळखी प्रेक्षकांपेक्षा ते वैद्याला अधिक मोलाचे आहे. तो विश्वास एका खोट्या मथळ्यासाठी पणाला लावू नये, एवढीच विनंती.