तोंडाला कोरड पडते? घरगुती उपाय व त्यांची मर्यादा



लागण, खते, पाणी याबद्दल आपण नेहमीच बोलतो. आज विषय थोडा वेगळा. हंगामात फडावर गेलो की "साहेब, तोंड सारखं सुकतंय" ही तक्रार आम्हांस तोडणी टोळीकडून ऐकू येते, तशी वयस्कर सभासदांकडूनही.

निरोगी माणसाला दिवसाकाठी साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ सुटते. घास गिळणे व दात किडीपासून राखणे ही तिची कामे. लाळ कमी झाली की दात लवकर किडतात. म्हणून पुढील उपाय ध्यानात ठेवावेत :

१) पाणी : तहान लागण्याची वाट न पाहता घोट घोट प्यावे. घागर फडातच सावलीला ठेवावी.

२) आवळा : बिनसाखरेच्या आवळकाठीचा तुकडा चघळला की लाळ सुटते. मात्र आंबट वस्तू दिवसभर तोंडात धरू नये, दात झिजतात.

३) बडीशेप : जेवणानंतर चिमूटभर चावून खावी.

४) जवस : चमचाभर जवस पेलाभर पाण्यात उकळून गाळावे. गार झालेले बुळबुळीत पाणी तोंडात खेळवावे, ओलावा टिकतो. रोज ताजे करावे.

५) ज्येष्ठमध : लहान कांडी कधीमधी चघळण्यास हरकत नाही. परंतु रक्तदाब, हृदय वा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी आणि गरोदर भगिनींनी ते टाळावे. त्याने रक्तदाब वाढतो.

आम्ही साखर कारखान्याचीच माणसे, तरी सांगतो, कोरड घालविण्यासाठी गुळाचा खडा किंवा गोड गोळी चघळत बसू नये. तंबाखू आणि मिश्रीने तर कोरड जात नाहीच, वर कर्करोगाला आवतण.

आता मुख्य मुद्दा. या उपायांनी कोरड तात्पुरती हटते, मूळ कारण जात नाही. कोरडीबरोबर तहान फार, लघवी वारंवार आणि वजन घटत असेल, तर मधुमेहाची शंका घेऊन रक्तातील साखर तपासावी. सर्दी, रक्तदाब वा मनाच्या आजाराच्या काही गोळ्यांनीही तोंड सुकते. अशा वेळी गोळी आपल्या मनाने बंद न करता डॉक्टरांना विचारावे.

पिवळे पान दिसताच आपण उसाचे मूळ उकरून पाहतो. तीच काळजी स्वतःच्या जिवाची घ्यावी. पंधरा दिवसांत कोरड न गेल्यास प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे, आणि मुकादमांनी ही माहिती टोळीला वाचून दाखवावी, ही विनंती.