गाठ काढली, पण तपासली नाही

स्तनात हाताला लागणारी प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते. बहुतेक गाठी निरुपद्रवी निघतात. तरुण वयात फायब्रोअॅडेनोमा, चाळिशीच्या आसपास पाण्याच्या गाठी, बाळ अंगावर पीत असताना पू धरलेले गळू, क्वचित चरबीची गाठ असे त्यांचे प्रकार आहेत. यांतली कोणती साधी आणि कोणती नाही, हे नुसत्या बोटांनी चाचपून खात्रीने सांगता येत नाही, मग बोटे कितीही अनुभवी असोत. दुखणे हाही निकष नव्हे. कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही, आणि म्हणूनच 'दुखत नाही ना? मग काही नाही' हे वाक्य घातक आहे. घरात ते आई-सासू म्हणतात. दवाखान्यात ते डॉक्टरने म्हणावे, याला क्षमा नाही.

निदानाची रीत जगभर ठरलेली आहे. आधी डॉक्टर दोन्ही स्तन आणि दोन्ही काखा हाताने तपासतात. मग चित्र काढले जाते: साधारण चाळिशीनंतर मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी, त्याआधी मुख्यतः सोनोग्राफी, कारण तरुण वयातल्या घट्ट स्तनात मॅमोग्राफीला गाठ नीट दिसत नाही. तिसरी पायरी सुईच्या बायोप्सीची. जाड सुईने गाठीचे दोन-चार बारीक तुकडे घेतात आणि ते पॅथॉलॉजीकडे जातात. भूल जागेपुरती, टाका नाही, त्याच दिवशी घरी. तिन्ही तपासण्या एकच गोष्ट सांगत असतील तर निष्कर्ष पक्का. एखादी विसंगत असेल तर शोध पुढे चालू ठेवायचा. मॅमोग्राफी 'नॉर्मल' आली, पण हाताला गाठ लागते, अशा वेळी हाताचे ऐकायचे. सुई लावल्याने कॅन्सर पसरतो ही समजूत निराधार आहे. तिच्यापायी कितीतरी बायका बायोप्सी टाळतात, आणि काही डॉक्टर ती खोडून काढण्याचे कष्टही घेत नाहीत.

प्रस्तुत लेखिकेच्या बाबतीत यातले पहिले पाऊल अर्धे टाकले गेले आणि पुढची दोन टाकलीच गेली नाहीत. वय ४६. आंघोळ करताना डाव्या स्तनाच्या वरच्या, काखेकडच्या भागात हरभऱ्याएवढा कडक दाणा लागला. स्तनाचे सर्वाधिक कॅन्सर याच भागात होतात. दहाव्या दिवशी ती तालुक्याच्या ठिकाणी एका सर्जनकडे गेली. हा दहाचा आकडा इथे मुद्दाम नोंदवला आहे, कारण पुढे नणंदेपासून शेजारणीपर्यंत प्रत्येकीने 'एवढं अंगावर काढायचं होतं का?' असे विचारले. तिने काहीही अंगावर काढले नव्हते.

सर्जनने एका बाजूचा स्तन चाचपला आणि काख तपासली नाही. 'चरबीची गाठ आहे ताई, शनिवारी काढून टाकू' एवढेच तो म्हणाला. सोनोग्राफी नाही, सुई नाही. वीस मिनिटांत गाठ निघाली. स्टीलच्या ट्रेमध्ये ठेवून ती बाहेर बसलेल्या नवऱ्याला दाखवण्यात आली. 'हे बघा, काही नाही.' डिस्चार्ज कार्डावर 'लिपोमा काढला' अशी एक ओळ लिहिली गेली आणि दोघे निश्चिंत होऊन घरी आले.

आठ महिन्यांनी त्याच व्रणाखाली पुन्हा घट्टपणा जाणवला, कातडी आत ओढल्यासारखी दिसू लागली. यावेळी मुंबईचे कॅन्सर रुग्णालय. तिथल्या डॉक्टर बाईंनी व्रण पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, 'आधीचा ब्लॉक आणलात का?' ब्लॉक म्हणजे काय, हे दोघांनाही माहीत नव्हते. काढलेल्या गाठीचे तुकडे मेणात बसवून जी वडी करतात तिला ब्लॉक म्हणतात, तिच्यापासून स्लाइड बनतात, ती वर्षानुवर्षे टिकते आणि पुढच्या चाचण्या तिच्यावर करता येतात, हे त्यांनी समजावले. मग नवऱ्याला विचारले, 'गाठीचा रंग आठवतो?' तो थोडा वेळ गप्प राहिला. 'पांढरट होती.' चरबी पिवळी असते. खोलीत कोणीच काही बोलले नाही. ट्रेमधली ती गाठ कुठे गेली, हे लेखिकेला त्या क्षणी कळले: कचऱ्यात.

न तपासलेली गाठ काढून टाकल्याने होणारे नुकसान अनेक प्रकारचे असते. तिचा मूळ आकार कळत नाही, त्यामुळे आजाराची अवस्था ठरवताना अंदाज बांधावा लागतो. कडा स्वच्छ निघाल्या की पेशी मागे राहिल्या, हे सांगता येत नाही. ईआर, पीआर आणि हर-टू या तीन चाचण्यांवर गोळ्या की इंजेक्शने हे ठरते, त्याही होत नाहीत. निदान आधी झाले असते तर गाठीपुरती शस्त्रक्रिया आणि नंतर शेक एवढ्यावर भागण्याची शक्यता होती. योग्य रुग्णांत स्तन वाचवणारी ही शस्त्रक्रिया आयुर्मानाच्या दृष्टीने पूर्ण स्तन काढण्याइतकीच चांगली ठरते, हे इटली आणि अमेरिकेतल्या २० वर्षांच्या पाठपुराव्यातून २००२ मध्ये स्पष्ट झाले आहे. लेखिकेचा पूर्ण स्तन काढावा लागला, काखेतल्या दोन गाठींत आजार सापडला, आठ केमो झाल्या. ते आठ महिने परत मिळणार नाहीत.

म्हणून शस्त्रक्रियेआधी विचारायचे प्रश्न नेमके आहेत. बायोप्सी का नको? काढलेली गाठ कोणत्या लॅबला जाणार? ती फॉर्मालिनमध्ये, आणि लगेच, ठेवली जाईल ना? सलाइनच्या पाण्यात गाठ टिकत नाही आणि पुढच्या चाचण्या बिघडतात. काही ठिकाणी बाटली नातेवाइकांच्या हाती देऊन 'लॅबला टाका' म्हणतात. तसे झाले तर त्याच दिवशी पोहोचवून पावती घ्यावी. गाठ कितीही साधी वाटो, पॅथॉलॉजीचा लेखी रिपोर्ट हातात आल्याशिवाय प्रकरण मिटले असे धरू नये. डॉक्टर चिडले तर दुसरा डॉक्टर गाठावा.

गाठीखेरीज इतर खुणाही ओळखायला हव्यात: स्तनाग्र नव्याने आत ओढले जाणे, त्यातून रक्तमिश्रित स्राव, कातडीवर संत्र्याच्या सालीसारखे खळगे, बरा न होणारा चट्टा, काखेत गाठ. पुरुषांनाही हा आजार होतो, शंभरातल्या एखाद्या रुग्णाएवढाच. वजन आटोक्यात ठेवणे, व्यायाम, दारू टाळणे यांनी धोका कमी होतो. हे सगळे करणाऱ्या बाईलाही तो होऊ शकतो.

भारतात बायकांना होणाऱ्या कॅन्सरांत हा पहिल्या क्रमांकावर आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ साली देशात सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ९८ हजार मृत्यू झाले. लक्षण नसताना करायच्या तपासणीबद्दल मुंबईतच मोलाचे काम झाले आहे. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ मध्ये दीड लाखावर बायकांचा अभ्यास सुरू केला. त्यातल्या निम्म्या जणींची तपासणी प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने केली. वीस वर्षांनी पाहता, पन्नाशी ओलांडलेल्या गटात या आजाराचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले होते. पन्नाशीखाली तसा ठळक फरक दिसला नाही. या सेविका दहावी शिकलेल्या होत्या. संशय आला की पुढे पाठवायचे, एवढी शिस्त त्यांनी पाळली. पदवी असलेल्या माणसाने ती पाळली नाही, ही खंत लेखिकेच्या मनातून जात नाही.

राष्ट्रीय कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या बायकांची अशी तपासणी दर पाच वर्षांनी करायची तरतूद आहे. आशाताई फॉर्म भरायला येतात तेव्हा 'मला काही नाही' म्हणून त्यांना दारातून परत पाठवू नये. आई किंवा बहिणीला आजार झाला असल्यास धोका वाढतो. अशा घरात तपासणी साधारणपणे तिच्या निदानाच्या वयाच्या दहा वर्षे आधी सुरू करायला सांगतात. लेखिकेच्या मुलीसाठी ते वय ३७ येते.

कागदपत्रे हा शेवटचा, पण हक्काचा भाग आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार दाखल रुग्णाच्या नोंदी डॉक्टरने तीन वर्षे जपायच्या असतात आणि रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत द्यायच्या असतात. अर्ज लेखी करावा, पोच घ्यावी. लेखिकेने अर्ज केला. एकोणिसाव्या दिवशी एक पान मिळाले. त्यावर निदानाच्या जागी 'लिपोमा' लिहिलेले होते आणि 'तपासणीस पाठवलेला नमुना' हा रकाना कोरा होता.